वडील कशानं गेले, हे मी विचारलं नाही

कोलेस्टेरॉल वाढलेला माणूस समोर बसला की त्याच्या ताटाकडं बोट दाखवायची मला सवय होती. तेल किती, तूप किती, मटण आठवड्यातून कितीदा, हे प्रश्न तोंडपाठ होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. फॅमिली डॉक्टर म्हणून उमेदीची सगळी वर्षं इथंच गेली. सकाळपासून रात्रीपर्यंत शुगर, बीपी, ताप, खोकला, सांधेदुखी. आजार आईवडिलांकडून येतात हे परीक्षेपुरतं मला ठाऊक होतं, पण पेशंट तपासताना ते कधी हाताशी आलं नाही. त्यापायी एका घराचं जे नुकसान झालं, ते इथं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील वगळलेत. चुकांमधलं काही वगळलेलं नाही.

तो वेल्डिंगचं दुकान चालवायचा. पहिला लिपिड प्रोफाइल केला तेव्हा चौतिशीत होता, अंगानं काटक, पोट पाठीला लागलेलं. विम्याच्या तपासणीत काहीतरी निघालं म्हणून आला होता. एकूण कोलेस्टेरॉल ३४०, एलडीएल २७४, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १२०, शुगर व्यवस्थित. आपल्याकडं खाण्यामुळं, सुटलेल्या पोटामुळं किंवा मधुमेहामुळं रक्तातली चरबी बिघडते तेव्हा सहसा ट्रायग्लिसराइड चढतं, एचडीएल उतरतं आणि एलडीएल थोडंसं वर सरकतं. इथं बाकी सगळं जागेवर होतं आणि एकटं एलडीएल दुपटीच्या वर. एलडीएल १९० च्या पुढं गेलं की कारण घराण्यात शोधायचं, हे तेव्हाही पुस्तकात होतं. मी मात्र विचारलं, "हॉटेलात खाणं किती होतं?"

"डॉक्टरसाहेब, मी माळकरी हाय. अंड्याला बी शिवत न्हाय."

माळ त्याच्या गळ्यात मला दिसत होती. तरीही माझा विश्वास बसला नाही. दुकानावर चहाबरोबर भजी, फरसाण खात असणार, असं मी मनात धरलं आणि त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. "ताई, तेल मोजून वापरा. तूप बंद." तिनं ते देवाची आज्ञा असल्यासारखं पाळलं. शेंगदाण्याचं तेल सोडून सूर्यफुलाचं आणलं, घरच्या म्हशीचं लोणी कढवायचं सोडून विकायला सुरुवात केली, सणाला पुरणपोळी तुपाशिवाय वाढली. पुढचा रिपोर्ट आला, एलडीएल २६२. मी दोघांच्या समोर म्हणालो, "पथ्य नीट होत नाहीय." तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मी नसताना बाहेर खातोस काय, हा संशय त्या घरात माझ्या त्या वाक्यानं शिरला आणि पुढं कित्येक वर्षं राहिला. त्यावरून भांडणं झाली, हे मला फार उशिरा कळलं.

मध्यंतरी मी त्याला ॲटोर्वास्टॅटिनची दहाची गोळी दिली होती. एलडीएल १७५ पर्यंत उतरलं. मला समाधान वाटलं. इतक्या तरुण माणसाला जन्मभर गोळी कशाला, म्हणून ती मीच बंद केली आणि पुन्हा पथ्यावर ठेवलं. आकडा पुन्हा होता तिथं गेला. त्याचाही दोष मी पथ्यालाच दिला.

त्याच्या टाचेची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. तो दर आषाढीला दिंडीबरोबर चालत पंढरपूरला जायचा. एके वर्षी वारीहून आला आणि पाय पुढं करून म्हणाला, टाचेमागं दुखतंय, सूज उतरत नाही. मी वाकून पाहिलं. टाचेपासून पोटरीकडं जाणारी जी जाड शीर, म्हणजे कंडरा असते, ती नेहमीपेक्षा दुप्पट रुंद लागत होती, बोटांना खडबडीत, मधेच गाठीसारखी. दोन्ही पायांना सारखीच. इतकं चालल्यावर सुजणारच, असं म्हणून मी दुखण्याची गोळी आणि मलम लिहून दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ती सूज नव्हती. शिरेत साठलेलं कोलेस्टेरॉल होतं. माझी बोटं त्यावरून फिरली आणि मला ओळखता आलं नाही. त्याच्या बुबुळांभोवती पांढरट कडही होती. म्हाताऱ्या माणसात ती दिसली तर विशेष काही नाही, पण चाळिशीच्या आतल्या माणसात दिसली की थांबायचं असतं.

एकेचाळिसाव्या वर्षी त्याला ॲटॅक आला. रात्री जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी नेला, दोन स्टेंट पडले, वाचला. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी मला फोन केला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. याच्या टाचा बघितल्या होत्या का? याचे वडील कशानं गेले?

वडील मला माहीत होते. ते त्रेचाळिसाव्या वर्षी शेतात कोसळले होते. मे महिना होता, गावानं म्हटलं ऊन लागलं, आणि घरातही तेच रूढ झालं. चुलता पन्नाशीच्या आत झोपेत गेला, तो "अचानक" गेला. माझ्या केसपेपरवर कौटुंबिक इतिहासाचा रकाना आहे. त्यात मी "विशेष नाही" लिहिलं होतं, कारण मी विचारायचो, "घरात कुणाला शुगर-बीपी?" आणि तो खरंच सांगायचा, "न्हाय." कोण किती वयात गेलं आणि कसं गेलं, हा प्रश्न मी कुणालाच विचारत नव्हतो. आमच्या भागात तरुण माणूस पटकन गेला तर त्याला ऊन लागतं, ॲसिडिटी होते, कुणाची तरी नजर लागते. हृदयविकार हा शब्द त्या मरणाला मिळतच नाही, आणि तो मिळवून देणं हे डॉक्टरचं काम आहे.

त्याला जे होतं त्याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात एफएच. नॉर्वेच्या कार्ल म्युलर यांनी १९३८ च्या सुमारास टाचेच्या, बोटांच्या शिरांवरच्या गाठी, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि तरुण वयातला हृदयविकार हे तिन्ही एकाच घराण्यात चालतात हे दाखवून दिलं होतं. म्हणजे मी जन्मायच्या आधीच. कारण कळायला मात्र सत्तरचं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवून पाहिल्या. रक्तातलं एलडीएल उचलून आत घेणारे रिसेप्टर पेशींवर असतात, आणि या रुग्णांत ते कमी असतात किंवा नसतातच, हे त्यांना सापडलं. १९८५ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. रिसेप्टरचा जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा त्याच्या दोन प्रती आपल्याला मिळतात. त्यातली एक बिघडलेली असली की यकृत निम्म्या ताकदीनं एलडीएल उचलतं, आणि रक्तातला आकडा जन्मापासून दुप्पट राहतो. कॅनॉलच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ बसावा तसा तो रक्तवाहिन्यांत बसत जातो. उपचार न झालेल्या अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो.

पथ्यानं यात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडला तर पडतो. त्या बाईनं तेल मोजून मोजून जो आकडा २७४ वरून २६२ वर आणला होता, तो तिच्या कष्टाचं फळ होता. मी त्याला पथ्यभंग म्हणालो.

औषध तर हातात होतं. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासत १९७३ मध्ये एका पेनिसिलियमच्या जातीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. १९८७ मध्ये अशी पहिली गोळी बाजारात आली. यकृताला स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवता येईनासं झालं की ते जास्त रिसेप्टर तयार करतं, म्हणजे उरलेली चांगली प्रत जादा कामाला लागते. एफएचच्या माणसाला ही गोळी जितकी गरजेची आहे तितकी फार थोड्यांना असेल. तीच मी त्याची बंद केली होती. आज ती जनऔषधी केंद्रात चहापाण्याच्या खर्चात मिळते.

हा आजार दुर्मीळ असता तर मी स्वतःला थोडी सूट दिली असती. जगभरात दर अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो आहे, असं आता मानतात. तेच प्रमाण धरलं तर आमच्या तालुक्यासारख्या दोन लाख वस्तीत सातशे-आठशे माणसं निघतील. त्यातली काही नक्की माझ्या बाकावर बसून गेली. मी तोवर एकही ओळखला नव्हता.

यापुढची चूक मला माफ करता येत नाही, कारण तोवर मला सगळं कळलं होतं. आई किंवा बापाला एफएच असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे माझ्या पेशंटच्या प्रत्येक भावंडाची आणि प्रत्येक लेकराची तपासणी व्हायला हवी होती. नेदरलँड्समध्ये १९९४ पासून यासाठी सरकारी मदतीनं मोहीम चालली. एक रुग्ण सापडला की प्रशिक्षित नर्स त्याची वंशावळ काढायची आणि नातेवाइकांच्या घरी जाऊन रक्त घ्यायची. मी काय केलं? तो स्टेंट टाकून आल्यावर ड्रेसिंग बदलताना म्हणालो, "भावंडांनाही रक्त तपासून घ्यायला सांग." एवढंच. चिठ्ठी लिहून दिली नाही, फोन नंबर घेतला नाही, पुन्हा विचारलं नाही. त्याचा धाकटा भाऊ चाकणला कंपनीत होता. थोरल्यानं निरोप दिला तेव्हा तो म्हणाला, मला काही होत नाही, दिवाळीला आलो की बघू. पुढच्या वर्षी तो शिफ्टवरून परतताना गेला. छत्तीस वर्षांचा होता. दोन लहान मुलं होती.

मी मातीला गेलो. तिथं कुणी मला काही बोललं नाही, कारण मला काय करता आलं असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ते ठाऊक असलेला तिथं मी एकटा होतो.

त्यानंतर मी इरेला पेटलो आणि त्या भरात आणखी एक घाण करून ठेवली. एका रविवारी मी त्या घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं. लॅबचा मुलगा रक्त घेत होता, मी मोठ्या कागदावर वंशावळ मांडत होतो, आणि बाहेरच्या बाकावर दुसरे पेशंटही बसले होते. रिपोर्ट आले तेव्हा माझ्या पेशंटची बहीण, म्हणजे त्याच्या मुलांची आत्या, २४८ निघाली आणि त्याची सतरा वर्षांची मुलगी २२१. आमच्या भागात मामाची मुलगी करायची पद्धत अजून आहे. या मुलीला आत्याच्या घरी द्यायचं लहानपणापासून बोललं गेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर एकदम गणित आलं. आत्याच्या मुलालाही ही प्रत मिळालेली असेल तर या दोघांच्या प्रत्येक मुलात दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता चारात एक. अशा मुलांचं एलडीएल पाचशे-सहाशेच्या घरात जातं, त्वचेवर लहानपणीच पिवळ्या गाठी येतात, आणि पोरवयातच हृदयविकार होतो. त्यांना साधी स्टॅटिन फारशी लागू पडत नाही. हे सगळं खरं आहे. मी ते तिथंच दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत बोललो. "हिला त्या घरात देऊ नका, पोरं जगायची नाहीत." हेच माझे शब्द होते.

आत्याच्या मुलाची तपासणीसुद्धा तोवर झालेली नव्हती. आणि मुलगी दुसऱ्या घरात, एलडीएल व्यवस्थित असलेल्या मुलाला दिली तर तिच्या पोरांना असा धोका उरत नाही, हे सांगायचं मी विसरलो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की त्या पोरीच्या रक्तात दोष आहे. रक्त तिच्या बापाचं, आत्याचं, मेलेल्या चुलत्याचंही तेच होतं, पण नाव मुलीचं निघालं. नंतर आलेली दोन स्थळं चौकशी करून परत गेली. तिची आई माझ्याकडं आली, बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "डॉक्टर, आधी माझ्या सैपाकाला नाव ठिवलंसा. आता पोरीला."

आनुवंशिक आजाराची माहिती एका माणसाची नसते, सगळ्या घराची असते. म्हणून ती कुणासमोर, कुठल्या क्रमानं आणि कुठल्या शब्दांत सांगायची हा उपचाराचाच भाग आहे. मोठ्या शहरात त्यासाठी जेनेटिक काउन्सेलर असतात. तालुक्यात ते काम माझं आहे, आणि मला त्याचं काहीच शिक्षण नव्हतं. ते नव्हतं म्हणून गप्प बसणं चूक ठरलं असतं. विचारून, वाचून मग बोलायला हवं होतं. हल्ली अशी गोष्ट मी दार लावून सांगतो, आधी ज्याची त्यालाच, आणि घरात कुणाला सांगायचं हे त्याच्याकडूनच ठरवून घेतो.

माझ्या पेशंटनं वेगळीच अडचण पुढं केली. "रक्तातच हाय म्हणल्यावर तंबाखू सोडून काय उपेग?" दुकानावर तो दिवसभर तंबाखू मळायचा, माळ असूनही. आधी मी त्याला सांगत होतो की सगळं खाण्यानं झालं. आता सगळं रक्तानं झालं असं त्यानं घेतलं, आणि दोन्ही वेळा शिकवणारा मीच होतो. अनेक जनुकांच्या एकत्रित धोक्यावर अमेरिकेत २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला होता. जनुकांमुळं हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या गटातही, ज्यांचं राहणीमान चांगलं होतं त्यांना वाईट राहणीमान असलेल्यांपेक्षा ४६ टक्के कमी हृदयविकार झाला. एफएच वेगळा, तिथं गोळीला पर्याय नाही. पण तंबाखू तिथंही वेगळी रक्कम वसूल करते. त्यानं ती सोडली. बायकोच्या धाकानं सोडली, माझ्या सांगण्यानं नाही.

जिथं जनुक हेच कारण होतं, तिथं मी ताट तपासत बसलो. मग भाजल्यासारखा उलटा पळालो आणि जिथं जनुकाला थोडंच सांगता येतं तिथं त्याच्यावर भिस्त ठेवली. लाळ पाठवून धोका सांगणाऱ्या चाचण्यांची जाहिरात तेव्हा जोरात होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतली एक शिक्षिका माझ्याकडं यायची. आईवडील दोघेही मधुमेही. मीच तिला ती चाचणी सुचवली. रिपोर्ट रंगीत होता, मधुमेहासमोर हिरवा ठिपका, "सरासरीपेक्षा कमी धोका". तिनं विचारलं, "मग भीती नाही ना सर?" मी म्हणालो, "नाही." पुढं तिला दिवस राहिले. गरोदरपणात पहिल्याच भेटीत करायची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी मी पुढं ढकलली. सातव्या महिन्यात केली तेव्हा दोन तासांनंतरची शुगर २१२ होती. १४० ची मर्यादा आहे. बाळ वेळेआधी आलं, जन्मल्यावर त्याची शुगर घसरली, काही दिवस पेटीत ठेवावं लागलं. बाळ ठीक आहे. तिचा मधुमेह बाळंतपणानंतरही गेला नाही.

हिरव्या ठिपक्यात काय होतं, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. एफएचमध्ये एक जनुक बिघडतो आणि सगळं उलथतं. नेहमीच्या टाइप टू मधुमेहात तसं नसतं. २००६ मध्ये आइसलँडच्या शास्त्रज्ञांना टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकातला फरक सापडला. आजवर सापडलेल्या सार्वत्रिक फरकांत तो सर्वांत ताकदवान म्हणावा असा, आणि तोही धोका दीडपटीच्या आसपासच नेतो. पुढच्याच वर्षी पुण्याचं केईएम रुग्णालय आणि हैदराबादची सीसीएमबी यांनी मिळून आपल्या लोकांतही तो आहे हे दाखवलं. त्यानंतर असे शेकडो बारीक फरक सापडत गेले. त्यांची बेरीज करून जे गुण काढतात, त्यांचा आधार मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती हा आहे. ते गुण आपल्याकडं तितके लागू पडत नाहीत. भारतातल्या दहा हजार लोकांच्या जीनोमची माहिती संशोधकांना खुली झाली ती जानेवारी २०२५ मध्ये. त्या शिक्षिकेला मी दिलेला दिलासा दुसऱ्याच लोकांच्या आकड्यांवर उभा होता. आईवडील दोघेही मधुमेही, ही गोष्ट त्या रंगीत कागदापेक्षा कितीतरी जास्त सांगत होती, आणि ती माझ्या केसपेपरवर होती.

जनुकाच्या पलीकडची एक गोष्ट तर माझ्या घरापासून फार लांब नव्हती. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवत आलेत. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. दिसायला हडकुळं, आतून चरबीचं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. मी तो फोटो पाहिला आणि माझ्या बाकावर बसणारे सगळे "काटक" लोक आठवले, ज्यांना मी नुसतं बघून ठणठणीत ठरवलं होतं. त्याच गावांतून पुढं हेही दिसलं की आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलाचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. आमच्या शाकाहारी घरांतल्या गरोदर बायकांना मी फोलिक ॲसिड न चुकता द्यायचो. बी-१२ कधी तपासलं नव्हतं.

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीचा आकडा आला, देशात १० कोटींवर मधुमेही आणि आणखी १३ कोटींवर त्या वाटेवर. मधुमेह एवढा पसरला, पण चाळीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत. त्या शिक्षिकेला मी हिरवा ठिपका दाखवण्याऐवजी तिचं स्वतःचं जन्माचं वजन विचारायला हवं होतं. ते मी नंतर विचारलं. तिच्या आईला नेमकं आठवत होतं: सव्वादोन किलो.

पण मधुमेहातही जिथं एकच जनुक कारण असतो तिथं मी पुन्हा आंधळा ठरलो. एक सडपातळ मुलगा, विशीतला, त्याचे वडील आणि आजी दोघांनाही तिशीच्या आत मधुमेह. तरुण आणि बारीक म्हणजे टाइप वन, असं ठरवून मी त्याला इन्सुलिनवर ठेवलं. इन्सुलिनवर आहे म्हणून त्याची लग्नं मोडली. पुढं मोठ्या शहरात तपासणी झाली तेव्हा एचएनएफ१ए जनुकातला बिघाड निघाला, ज्याला मोडी म्हणतात त्यातला. अशा लोकांना सल्फोनिलयुरियाची छोटी मात्रा उत्तम लागू पडते. तो आज एका स्वस्त गोळीवर आहे. तीन पिढ्या सलग, लहान वयात, बारीक अंगाचे, हे सगळं त्यानं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

लायपोप्रोटीन ए या तपासणीवर तर मी काट मारायचो, लॅबवाल्यांचा धंदा म्हणून. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा कण बहुतांशी जनुकच ठरवतो. ना तो पथ्यानं उतरतो, ना स्टॅटिननं. आपल्याकडं तो वाढलेली माणसं भरपूर आहेत. आयुष्यात एकदा तपासावा असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये सांगितलं. आता मी तो लिहून देतो, ज्यांच्या घरात तरुण मरणं आहेत त्यांना तर आधी.

वेल्डिंगवाला आता जास्त मात्रेच्या स्टॅटिनवर आणि सोबत एझेटिमाइबवर आहे. एलडीएल ७८. त्याला आणखी खाली आणायचं तर पीसीएसके९ रोखणारी इंजेक्शनं आहेत. तीही अशाच घराण्यांच्या अभ्यासातून आली. २००३ मध्ये फ्रान्समधल्या एफएचच्या कुटुंबांत पीसीएसके९ च्या जनुकाचा बिघाड सापडला. मग डॅलसमध्ये हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांना उलटी माणसं सापडली, ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत निकामी होती. त्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी. जन्मापासून थोडं कमी असणं किती मोलाचं आहे हे मला त्या आकड्यांनी समजावलं, आणि जन्मापासून दुप्पट असणं म्हणजे काय तेही. इंजेक्शनं त्याच्या खिशाला परवडत नाहीत. सध्या गोळ्यांवर निभावतं आहे.

त्याच्या मुलीचं लग्न झालं, दुसऱ्या गावात. होणाऱ्या नवऱ्याला तिनं स्वतः सगळं सांगितलं आणि त्याचा रिपोर्टही मागून घेतला. दिवस राहायच्या आधी गोळी थांबवायची हे तिला मी लिहून दिलंय, आणि तिच्या तिथल्या डॉक्टरांना पत्रही. आत्या गोळी घेते. तिचा मुलगा अजून तपासायला आलेला नाही. आत्याच्या मते तो पैलवान आहे.

राहिली चाकणच्या भावाची मुलं. थोरला आठ वर्षांचा झाला तेव्हा त्याचं रक्त तपासलं, व्यवस्थित निघालं. धाकटा आता नऊ वर्षांचा आहे, म्हणजे गरज पडली तर स्टॅटिन सुरू करता येईल अशा वयात. त्याची आई माझा फोन उचलत नाही. नवऱ्याला वेळेवर निरोप नीट पोचला असता तर काय झालं असतं, हे तिला आता कुणीतरी सांगितलं आहे, आणि तिचा राग मला समजतो. तिच्या माहेरच्या गावातल्या आशाताईंचा नंबर मी मिळवला आहे. त्या म्हणाल्या, बघते बोलून, पण तुमचं नाव घेणार नाही. मी म्हणालो, घेऊ नका.